तक्रार : साक्ष कीं आज्ञा ?

कथेचा शेवट कोणाच्या मालकीचा, हा वाद फार जुना आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्यें कॉर्डेलिया मरते आणि तिचें प्रेत हातांत घेऊन म्हातारा लिअर प्राण सोडतो. नेहम टेट या नाटककारानें इ. स. १६८१ मध्यें हा शेवट साफ पुसून टाकला. त्याच्या लिअरला राज्य परत मिळालें, कॉर्डेलियाला अनुरूप वर मिळाला, आणि इंग्लंडांतील प्रेक्षक पुढें सुमारें दीड शतक हाच गोड केलेला लिअर पाहत राहिला. डिकन्सनें १८६१ सालीं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा मूळचा उदास शेवट आपला मित्र बुल्वर-लिटन याच्या सल्ल्यावरून बदलला. पहिला शेवट डिकन्सच्या मृत्यूनंतर त्याचा चरित्रकार फॉर्स्टर यानें छापला, आणि दोहोंपैकीं सरस कोणता याविषयीं टीकाकारांचें अद्यापि एकमत नाहीं. कॉनन डॉइलनें डिसेंबर १८९३ मध्यें शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यांत लोटून दिलें. पण वाचकांची मागणी व प्रकाशकांचा पैसा यांच्यापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं, आणि १९०३ मध्यें होम्स जिवंत होऊन परत आला.

या तिन्ही प्रसंगीं वाचक वा प्रेक्षक कथेच्या बाहेर उभा होता. तो रडे, रागावे, पत्रें लिही. पण नायकाच्या कृत्यांत त्याचा हात नसे. गेल्या दोन-तीन तपांत मात्र अशी एक कला वाढीस लागली आहे कीं, तींत वाचक बाहेर उभा राहूंच शकत नाहीं. व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतून अजूनहि मुलांचा अभ्यास बुडविणारें एक खूळ एवढीच कल्पना पुढें येते. परंतु यांपैकीं कांहीं खेळ हे वस्तुतः दीर्घ कादंबऱ्याच आहेत. त्यांस वीस-तीस, क्वचित् शंभर तासहि लागतात. त्यांत पात्रें, संवाद, प्रेम, मरण सर्व कांहीं असतें. आणि ते मुलांसाठीं नसतातच. ज्या तीन कृतींविषयीं येथें लिहावयाचें आहे त्या तिहींवर अमेरिकेंत १७ वर्षांखालील मुलांसाठीं नव्हे असा शिक्का आहे. अशा कृतींस आपण 'कथाखेळ' म्हणूं.

कथाखेळांतील नायकाला चालविणारा, त्याच्या तोंडीं उत्तर घालणारा, कित्येकदां त्याचें नांव-रूपहि ठरविणारा खेळणाराच असतो. म्हणून कथा त्याच्या मनाविरुद्ध गेली कीं त्याची तक्रार वाचकाच्या तक्रारीहून निराळी व अधिक कडवट होते. 'तुम्ही नायकाला असें कां वागविलें ?' असें तो विचारीत नाहीं; 'तुम्ही मला असें कां वागविलें ?' असें विचारतो. या तक्रारीचें लेखकानें काय करावें ? ऐकावी, कीं कान झांकून घ्यावे ? ऐकली तर किती ऐकावी ? प्रश्न वरवर पाहतां एका धंद्यापुरता दिसतो; पण त्यांत लेखक व रसिक यांच्या नात्याचा मूळ प्रश्न गुंतलेला आहे.

या नात्याचा विचार करण्यास आपल्याकडे एक उत्तम साधन आयतें तयार आहे. साहित्यापासून होणारा आनंद कशाचा, याचें उत्तर देतांना न. चिं. केळकर यांनीं 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडतां परक्याच्या भूमिकेंत शिरतो. आपण आपण राहून दुसराहि होतो. आणि या दुहेरी अवस्थेंतच त्याचा आनंद असतो, असें तिचें थोडक्यांत तात्पर्य आहे. केळकरांसमोर पुस्तक व रंगभूमि होती. पण ही कल्पना कथाखेळास जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशासहि पडत नसेल. मात्र येथें तोल संभाळणें कठिण. खेळणाऱ्याचा स्वतःचा 'मी' फार वाढला तर पात्र उरत नाहीं, नुसती बाहुली उरते. पात्राचा हट्ट फार वाढला तर खेळणारा उरत नाहीं, नुसता प्रेक्षक उरतो. नायकाविषयींच्या बहुतेक सर्व तक्रारी या दोन टोंकांपैकीं कोणत्या तरी एका बाजूला तोल गेल्याच्या असतात.

आपल्या संगीत रंगभूमीवर प्रेक्षकांस 'वन्समोअर'चा हक्क असे. पद आवडलें कीं टाळ्यांचा गजर होई, नाटक तेथेंच थांबे, आणि मरणाच्या दारीं बसलेलें पात्रहि पुन्हा पहिल्यापासून आळवूं लागे. परंतु हा हक्क पदापुरता होता. 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधूचें गाणें पुन्हा म्हणवून घेतां येई; सिंधूला वांचवा, असें म्हणण्याची सोय त्या नाट्यगृहांत नव्हती. प्रेक्षकाची सत्ता कोठें सुरू होते व कोठें संपते, याची ही रेषा उभयपक्षीं मान्य होती. कथाखेळांत हीच रेषा पुसट झाली आहे. कारण छापलेलें पुस्तक हातांतून गेलें कीं गेलें, पण कथाखेळ विकल्यावरहि तारेंतून त्याचा नवा भाग पाठवितां येतो, जुना बदलतां येतो. 'आतां उपाय नाहीं' हें लेखकाचें जुनें संरक्षण नाहींसें झालें.

पहिलें उदाहरण 'मास इफेक्ट' या त्रिखंडात्मक कृतीचें. कॅनडांतील एडमंटन शहरच्या बायोवेअर कंपनीनें तिचे तीन खंड २००७, २०१० व २०१२ या सालीं प्रसिद्ध केले. दर सुमारें पन्नास सहस्र वर्षांनीं येऊन प्रगत जीवसृष्टि नष्ट करणाऱ्या यंत्रराक्षसांशीं लढणारा—किंवा लढणारी, कारण स्त्री कीं पुरुष हें खेळणारा ठरवितो—कमांडर शेपर्ड हा तिचा नायक. या कृतीचें वैशिष्ट्य असें कीं, पहिल्या खंडांत आपण घेतलेला निर्णय दुसऱ्यांत व तिसऱ्यांत आपल्यामागून येई. ज्या सोबत्याला आपण वांचविलें तो पुढें भेटे. ज्याला मरूं दिलें त्याची जागा रिकामी राही. पांच वर्षें चाललेली ही एक शपथच होती : तुझी निवड वायां जाणार नाहीं. तिसरा खंड निघण्यापूर्वीं दिग्दर्शक केसी हडसन यांनीं, याचे शेवट अ, ब, क असे मोजतां येणार नाहींत, अशा अर्थाचें जाहीर आश्वासनहि दिलें होतें.

मार्च २०१२ मध्यें तो खंड लोकांच्या हातीं पडला तेव्हां शेवटीं नेमके अ, ब, क निघाले. एक बालरूप घेतलेली शक्ति अखेरच्या दहा मिनिटांत प्रकट होते आणि तीन मार्ग दाखविते : यंत्रांचा नाश, यंत्रांवर ताबा, अथवा यंत्र व जीव यांचा संयोग. प्रत्येकाचा प्रकाश तेवढा निराळा—तांबडा, निळा, हिरवा. पुढचीं दृश्यें जवळजवळ एकच. याहून मोठा दोष तर्काचा होता. निर्मिलेलीं यंत्रें निर्मात्यावर उलटल्याशिवाय राहात नाहींत, हा त्या बालरूप शक्तीचा सिद्धान्त. पण त्याच खंडांत कसोशीनें खेळणाऱ्या माणसानें अशीं यंत्रें व त्यांचे निर्माते यांच्यांत समेट घडवून आणलेला असूं शकतो. तो समेट पुरावा म्हणून पुढें करण्याची संधि शेपर्डला मिळत नाहीं. तो निमूटपणें ऐकून घेतो. खेळणाऱ्याच्या हातून घडलेली गोष्ट कथा विसरली, आणि तीहि अगदीं अखेरच्या घटकेस.

यावर जें वादळ उठलें त्यांत वेडेपणा पुष्कळ होता. कोणी तर अमेरिकन सरकारच्या व्यापारविषयक आयोगाकडे फसवणुकीचा अर्ज केला. पण त्यांत शहाणपणहि होतें. असंतुष्टांनीं निषेध म्हणून रुग्णालयांतील मुलांना खेळणीं पुरविणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेसाठीं ८०,००० डॉलरांवर वर्गणी गोळा केली. आणखी कांहींनीं कंपनीच्या कचेरींत चारशेंच्या आसपास छोटे केक धाडले. त्यांवर तांबडी, निळी, हिरवी साखर होती, आणि चव सगळ्यांची एकच. इतकी नेमकी समीक्षा आम्हीं छापील मजकुरांतहि क्वचित् वाचली असेल.

कंपनीपुढें दोन सोपे मार्ग होते : 'कलावंताचें स्वातंत्र्य' म्हणून दार लावून घेणें, किंवा शेपर्डला सुखरूप घरीं पोंचविणारा नवा शेवट लिहून देणें. तिनें तिसरा मार्ग धरला. २६ जून २०१२ रोजीं विनामूल्य दिलेल्या विस्तारित शेवटांत ते तीन मार्ग तसेच ठेवले. मात्र प्रत्येकानंतर कोणाचें काय झालें हें दाखविलें, सोबती संकटांतून कसे निसटले हें जोडून दिलें, आणि एक चौथी वाट उघडली—तिन्ही मार्ग नाकारण्याची. नाकारणाऱ्याच्या वांट्यास पराभव येतो. त्या युगांतील सर्व जीव नष्ट होतात, आणि पुढच्या युगास तेवढा इशारा मिळतो. या चौथ्या वाटेला कित्येकांनीं लेखकांचा रुसवा म्हटलें. आम्हांस तींच त्या सबंध दुरुस्तींत सर्वांत प्रामाणिक वाटते. तुमचा 'नाहीं' ऐकला, पण 'नाहीं'लाहि किंमत असते, असें ती सांगते. तर्काचा मूळ दोष त्यानें गेला नाहीं, ही गोष्ट खरी. समेटाचा पुरावा अजूनहि अनुच्चारितच आहे. परंतु मोडलेल्या वचनाची जी भरपाई मागून करतां येण्यासारखी होती, ती कंपनीनें केली.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. 'द लास्ट ऑफ अस' या कृतीचा पहिला भाग २०१३ मध्यें व दुसरा १९ जून २०२० रोजीं निघाला. कर्ती संस्था अमेरिकेंतील सांता मोनिका येथील नॉटी डॉग. बुरशीच्या साथीनें उद्ध्वस्त झालेल्या जगांत जोएल हा मुलगी गमावलेला बाप एली नांवाच्या पोरीला देशाच्या एका टोंकापासून दूरवर नेतो. तिच्या अंगीं रोगाला दाद न देण्याची शक्ति आहे. तिचा मेंदू काढला तर कदाचित् औषध निघेल. पहिल्या भागाच्या अखेरीस जोएल शस्त्रक्रियेच्या खोलींत शिरून डॉक्टरला ठार मारतो आणि एलीला उचलून आणतो. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तो डॉक्टर खेळणाऱ्याच्या हातून मरतो. त्याला मारल्याशिवाय कथा पुढें सरकत नाहीं.

दुसऱ्या भागाच्या आरंभींच अ‍ॅबी नांवाची तरुणी जोएलला हाल करून मारते. एली सूड घेण्यास सिअ‍ॅटल शहरीं जाते. तीन दिवस आपण तिच्या हातानें माणसें मारतों. आणि अ‍ॅबी समोर येऊन उभी राहते त्या क्षणीं कथा मागें फिरून तेच तीन दिवस आपल्याला अ‍ॅबी होऊन जगावयास लावते. अ‍ॅबी ही त्या डॉक्टरची मुलगी. पुढें सांता बार्बराच्या किनाऱ्यावर एली तिला बुडवून मारण्याच्या बेतांत असतां सोडून देते. पण झटापटींत एलीच्या डाव्या हाताचीं दोन बोटें गेलेलीं असतात, आणि जोएलनें शिकविलेली गिटार तिला नीट वाजवितां येत नाहीं. सूडाचा हिशेब इतक्या लहान व इतक्या घरगुती नुकसानींत मांडणें हें नील ड्रकमन व हॅली ग्रॉस या लेखकद्वयाचें मोठें यश आहे.

कृति बाहेर पडण्यापूर्वींच एप्रिल २०२० मध्यें तिच्यांतील कांहीं भाग फुटला, आणि जोएल मरतो व अ‍ॅबी व्हावें लागतें एवढ्यावरून रान उठलें. विक्रीच्या पहिल्या दिवशींच मेटाक्रिटिक या गुणांकन करणाऱ्या संस्थेकडे शून्य गुणांच्या शेऱ्यांची रीघ लागली. पंचवीस-तीस तासांची कृति त्या अवधींत कोणी पुरी केलेली असणें अशक्यच होतें. पुढच्याच महिन्यांत त्या संस्थेनें, खेळ निघाल्यावर ३६ तासपर्यंत सामान्यांचे शेरे घ्यावयाचे नाहींत, असा नियम केला. याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या नटीस ठार मारण्याच्या धमक्या आल्या. खलनायकाचें काम करणाऱ्या नटावर जोडा भिरकावणाऱ्या प्रेक्षकाच्या गोष्टी आपण कौतुकानें सांगतों; त्या भोळेपणाचें विष झालेलें येथें दिसतें.

या तक्रारीचें संस्थेनें काय केलें ? कथेंत एक अक्षरहि बदललें नाहीं. आमच्या मतें हेंच योग्य झालें. कारण येथें कथेनें कोणतेंहि वचन मोडलेलें नाहीं. उलट पहिल्या भागांत खेळणाऱ्यानें स्वतः केलेल्या कृत्याचा जाब तिनें विचारला आहे. 'मास इफेक्ट' खेळणाऱ्याची करणी विसरला हा त्याचा दोष. ही कृति ती विसरली नाहीं, एवढाच हिचा अपराध. अ‍ॅबी नको म्हणणारा मनुष्य पात्ररचनेचा दोष दाखवीत नाहीं. परक्याच्या भूमिकेंत शिरण्याचें नाकारतो. आणि नाकारण्याचा त्याला अधिकार आहे, पण त्यासाठीं पात्रच खोडून टाका असें म्हणण्याचा नाहीं.

तरी सर्व विरोधकांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. सप्टेंबर २०१९ मधील जाहिरातीच्या चित्रफितींत एलीच्या पाठीशीं जोएल उभा असलेला दाखविला होता. प्रत्यक्ष कृतींत त्या जागीं जेसी हें दुसरेंच पात्र आहे. रहस्य लपविण्यासाठीं मुद्दाम केलेली ही दिशाभूल होती. कथेला गुप्तता राखण्याचा हक्क आहे. पण गुप्तता निराळी आणि जो प्रसंग कथेंत नाहीं तो विकणें निराळें. जोएलच्या सोबतीची आशा धरून ज्यानें पैसे मोजले त्याची तक्रार या एका बाबतींत रास्त होती. तसेंच, नोरा या कैदी स्त्रीला मारहाण करण्यासाठीं कळ दाबण्यास कथा आपल्याला भाग पाडते, दुसरा मार्ग ठेवीत नाहीं, आणि मग त्या क्रौर्याची लाजहि आपल्याच पदरीं टाकते. निवड न देतां अपराध लादणें हा कलादृष्ट्या आक्षेपार्ह भाग होय, असें म्हणणाऱ्या गंभीर टीकाकारांशीं आम्ही सहमत आहों. शून्याच्या शेऱ्यांच्या धुरळ्यांत हा मोलाचा आक्षेप ऐकूं आला नाहीं, हें आरडाओरड करणाऱ्यांनीं आपल्याच बाजूचें केलेलें नुकसान आहे.

तिसरें उदाहरण बेल्जममधील घेंट शहरच्या लारियन संस्थेच्या 'बाल्डर्स गेट ३' या कृतीचें. तिचा पहिलाच अंक अपुऱ्या स्थितींत ६ ऑक्टोबर २०२० रोजीं विक्रीस ठेवण्यांत आला, आणि संपूर्ण कृति ३ ऑगस्ट २०२३ रोजीं निघाली. मधलीं जवळजवळ तीन वर्षें खेळणारांचे अभिप्राय ऐकण्यांत गेलीं. विल नांवाचा एक साथीदार लोकांस फिका वाटला. लेखकांनीं त्याची कथा नव्यानें लिहिली. लेख छापखान्यांत जाण्यापूर्वीं मित्रांस वाचून दाखवावा, तसाच हा प्रकार. येथें ऐकण्यांत कमीपणा नाहीं, न ऐकण्यांत आहे.

खरी कसोटी पुढें लागली. कार्लाक ही या कृतींतील एक लोभस साथीदारीण; तिचें हृदय काढून त्या जागीं नरकांतील भट्टी बसविलेली आहे, आणि ती नरकाबाहेर राहिली तर जळून जाते. मोकळेपणानें हंसणाऱ्या, कोणालाहि मिठी मारावयास आसुसलेल्या या पात्राचा असा शेवट पाहून लोक हळहळले व तिला बरें करा अशी मागणी झाली. लारियननें ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस तिच्या शेवटास नवे प्रसंग जोडले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें सहा महिन्यांनंतरच्या पुनर्भेटीचा एक उपसंहार सर्वच पात्रांसाठीं दिला. तिला निरोप नीट मिळाला, सोबत मिळाली, भट्टी दुरुस्त होण्याची आशाहि थोडीशी मिळाली. भट्टी मात्र दुरुस्त झाली नाहीं. लोकांचें मागणें 'तिला वांचवा' असें होतें. त्यांचें दुःख 'तिला नीट निरोप देतां आला नाहीं' हें होतें. लेखकांनीं मागणें बाजूस ठेवून दुःख ऐकलें. आमच्या समजुतीप्रमाणें या सबंध प्रश्नाची किल्ली येथें आहे.

तक्रार ही साक्ष आहे, आज्ञा नव्हे. कोठें दुखतें हें रोग्याइतकें कोणासहि कळत नाहीं. म्हणून वैद्यानें त्याचें सर्व बोलणें लक्षपूर्वक ऐकावें. पण औषध कोणतें हें रोग्यानें सांगावयाचें नसतें. 'शेवट गोड करा', 'नायक बदला', 'हें पात्र काढून टाका' हीं सर्व औषधें आहेत. त्यांच्याखालीं दुखणें कोणतें हें शोधणें लेखकाचें काम. दुखणें जर लेखकानें दिलेला शब्द न पाळल्याचें असेल, तर तो देणेंकरी आहे व त्यानें देणें फेडावें. दुखणें जर बांधणींतील उणिवेचें असेल, तर ती दुरुस्त करावी. पण दुखणें जर कथेनें जाणूनबुजून दिलेल्या जखमेचें असेल, तर ती जखम हेंच तिचें काम होतें. तेथें लेखकानें सौजन्यानें पण ठामपणें उभें राहावें.

यावर एक आक्षेप येईल कीं, ज्यानें पैसे मोजले तो गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाला हवें तें द्यावें. आजकाल लहान लहान लेखक पेट्रिऑनसारख्या सोयींचा आश्रय घेऊन दरमहा वर्गणीवर आपले कथाखेळ भागाभागानें प्रसिद्ध करतात, आणि त्यांत शृंगारप्रधान खेळांचा भरणा मोठा आहे. तेथें ही अडचण फारच बोंचते. नायक भित्रा कां, नायिका दुसऱ्याकडे कां वळली, अमक्या पात्राशीं प्रणय कां करतां येत नाहीं, अशा तक्रारी दर भागामागून येतात. वर्गणी थांबविण्याची धमकी हातांत असते. आणि पुष्कळ लेखक कथेची दिशा सरळ मतास टाकतात. भुकेचा प्रश्न ज्यापुढें उभा आहे त्या लेखकास उपदेश करणें सोपें. तरी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. गिऱ्हाइकाचा हक्क पाटीवर जें लिहिलें असेल त्यावर आहे. म्हणून नायक कसा आहे, कोणत्या गोष्टी खेळणाऱ्याच्या निवडीवर आहेत व कोणत्या नाहींत, कथेंत कोणतें कटु प्रकरण येणार आहे, हें पहिल्याच भागासोबत स्वच्छ सांगावें. पुढें तें फिरवूं नये. ज्यानें पाटी वाचून आंत पाऊल टाकलें त्याला मध्येंच इमारत बदलून मागतां येत नाहीं. दुसरें असें कीं, मत घ्यावयाचेंच तर तें शिंप्यानें कापडाच्या रंगाविषयीं घ्यावें तसें घ्यावें. अंगरखा कोणत्या मापाचा हें बहुमतानें ठरविलें तर तो कोणाच्याच अंगास नीट बसणार नाहीं. दर महिन्यास नव्या बहुमताप्रमाणें वागणाऱ्या नायकास स्वभाव उरत नाहीं; आणि ज्याला स्वभाव नाहीं त्याच्या शृंगारांतहि रस नाहीं, कारण तेथें भेटावयास दुसरें माणूसच नसतें.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं लक्षांत घ्यावी. या खेळांवरील वयाचा शिक्का रक्त, शिवीगाळ व नग्नता पाहून मारलेला असतो. तो किती वर्षांच्या माणसानें खेळावें तें सांगतो. कोणत्या मनाच्या माणसानें खेळावें तें सांगत नाहीं. शून्याचा शेरा मारून नटीस धमकी देणारे बहुधा वयानें सज्ञानच असतील. मनाचें प्रौढत्व निराळें असतें. आपल्याला न आवडलेल्या माणसाच्या कातड्यांत कांहीं तास राहणें, आपल्या हातून झालेलें कृत्य दुसऱ्या बाजूनें पाहणें, आणि प्रिय व्यक्तीचें मरण 'हें खोटें आहे, बदला' असें न म्हणतां सोसणें—साहित्य माणसाला जें कांहीं शिकवितें त्यांत हें मुख्य आहे. जी कला आपला हातच नायकाच्या हातांत देते तिला हें शिक्षण देण्याची शक्ति इतर कलांहून अधिक आहे. हट्टापुढें मान तुकवून तिनें ती गमावली, तर नुकसान हट्ट करणाऱ्याचेंच होणार आहे.

टेटचा गोड लिअर दीडशें वर्षें चालला, आणि शेवटीं गेला. शेक्सपिअरचा लिअर परत आला, तो त्या प्रेक्षकांच्या नातवा-पणतवांस हवा होता म्हणून. लेखकाचा श्रोतृवर्ग एका पिढीचा नसतो. आज समोर बसलेल्यांचें दुखणें त्यानें आस्थेनें ऐकावें, दिलेला शब्द पै-पैशाचा हिशेब देऊन पाळावा. पण जे अद्यापि आलेले नाहींत त्यांचीहि बाजू कोणी तरी संभाळली पाहिजे, आणि ती संभाळण्यास लेखकावांचून दुसरा कोणी नाहीं.